पंप मोडतो कंपनीचा, भुर्दंड शेतकऱ्याला
(जिल्हा बैठकीतील भाषणाचे शब्दांकन)



आजच्या बैठकीच्या विषयांत कापसाचा भाव आहे, ज्वारीची खरेदी आहे, विजेची बिले आहेत. त्या यादीत 'पिकअपचा डिझेल पंप' हे शब्द वाचून काही जण हसले. एकाने तर मला बाजूला घेऊन सांगितले, "भाऊ, तुम्ही ॲग्रीकल्चरचे पदवीधर. मातीचं सांगा, बियाण्याचं सांगा. मिस्त्रीचं काम मिस्त्रीले करू द्या."

त्यांचे खरे आहे. इंजिन उघडणे माझे काम नाही. पण शेतकऱ्याच्या खिशातला पैसा कोणत्या भोकातून गळतो ते शोधणे हे संघटनेचे काम आहे, आणि हे भोक लहान राहिलेले नाही.

आपल्याच एका कार्यकर्त्याची गोष्ट सांगतो. नाव सांगत नाही, तो इथेच बसला आहे. गेल्या हंगामात पिकअपमध्ये १४ क्विंटल कापूस भरून तो जिनिंगला निघाला. चढावर गाडीने दम टाकला आणि मधोमध बंद पडली. मागून ट्रक येत होता, थोडक्यात निभावले. त्याने बॅटरी उतरेपर्यंत स्टार्टर मारला. शेवटी दुसऱ्या गाडीत कापूस उलटवला आणि आपली गाडी दोर बांधून ओढत नेली. वर्कशॉपने दुसऱ्या दिवशी सांगितले, पंप गेला, पंपाचा चुरा नोझलमध्ये गेला. पंप, चारही नोझल, रेल, पाइप, टाकीची सफाई मिळून १ लाख २८ हजार रुपये. हा म्हणाला, गाडी वॉरंटीत आहे. ते म्हणाले, डिझेल खराब होते, वॉरंटी बसत नाही. हा डिझेल भरलेल्या पंपावर गेला. तिथे सांगितले, आमचा माल सीलबंद येतो, तुमचे कॅन तपासा. पावती मागितली, तर ती याच्याकडे नव्हती.

आता हिशेब मांडू. २०२५-२६ चा मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७,७१० रुपये. म्हणजे १ लाख २८ हजारांसाठी साडेसोळा क्विंटलांहून जास्त कापूस लागतो, तोही पूर्ण हमीभावाने विकला गेला तर. कोरडवाहूत एकरी चार क्विंटल धरले तर चार एकरांचे सगळे पीक गेले. संकरित ज्वारी ३,६९९ रुपयांनी धरली तर साडेचौतीस क्विंटल होते. बियाणे, खत, फवारणी, वेचणी हे सगळे त्याने केले, आणि पीक नेले मुठीत मावेल एवढ्या लोखंडाच्या चुऱ्याने.

हा पंप करतो काय?

फवारणीचा पंप आपल्या सगळ्यांच्या पाठीवर असतो. नोझलचे भोक बारीक, म्हणून आपण पाणी फडक्यातून गाळून टाकतो. कचऱ्याचा एक कण अडकला तरी फवारा बिघडतो. नव्या डिझेल गाडीचे काम याच तत्त्वावर चालते, फक्त दाब कल्पनेपलीकडचा असतो. मोठ्या पिकअपच्या मागच्या टायरमध्ये चार-साडेचार बार हवा असते. नव्या 'कॉमन रेल' इंजिनचा पंप डिझेलवर १,६०० ते २,००० बार दाब देतो, म्हणजे टायरच्या चारशेपट. तेव्हा कुठे डिझेलचे धुके होते, धूर कमी होतो, ॲव्हरेज वाढते.

या पंपाच्या आत एक फिरता दांडा असतो. त्याच्या उंचवट्यांवरून एक छोटा रोलर फिरतो आणि दट्ट्याला वर ढकलतो. जुन्या ट्रॅक्टरच्या बऱ्याच पंपांत या भागाला वेगळे ऑइल असे. नव्या पंपात वंगण एकच, ते म्हणजे डिझेल. डिझेलमध्ये पाणी शिरले, रॉकेल मिसळले किंवा मधे हवा आली की पोलाद पोलादावर कोरडे घासते. त्यातून चमकणारा बारीक चुरा निघतो. तो पुढे नोझलमध्ये जातो आणि परतीच्या नळीने टाकीतही येतो. गुलाबी बोंडअळीचे बोंड जसे बाहेरून हिरवेगार दिसते आणि आत किडलेले असते, तशी ही गाडी बाहेरून नवी कोरी दिसते.

कापूस-ज्वारीच्या दुसऱ्या मुलखात काय घडले?

हा आजार अमेरिकेत आपल्याआधी गाजला आणि त्यावर तिथे निकालही लागले. म्हणून थोडा वेळ तुम्हाला तिकडे नेतो. टेक्सास राज्यात लबक शहराभोवती मोठे पठार आहे. तिथली पिके आपलीच, कापूस आणि ज्वारी. बराच भाग पावसावर. तिथल्या शेतकऱ्याच्या दारात बैलगाडीच्या जागी मोठा डिझेल पिकअप असतो.

२०११ च्या मॉडेलपासून फोर्ड आणि जनरल मोटर्स या दोन्ही कंपन्यांनी आपल्या मोठ्या डिझेल पिकअपमध्ये बॉश कंपनीचा सीपी४ नावाचा पंप बसवला. जनरल मोटर्सचा आधीचा सीपी३ पंप तीन दट्ट्यांचा होता. नव्यात दोनच दट्टे होते आणि रोलर सरळ राहण्यावर सगळी मदार होती. रोलर जरा तिरपा वळला की तो फिरायचे सोडून घासू लागतो. बैलगाडीचे चाक आडवे झाले तर ते चाक राहत नाही, त्याचा नांगर होतो, तसेच हे. जनरल मोटर्सच्या त्या गाड्यांत टाकीतून डिझेल पुढे ढकलणारा वेगळा पंपही नव्हता. सगळे डिझेल याच पंपाने ओढून घ्यायचे होते.

पंप फुटू लागले. संपूर्ण दुरुस्तीचा खर्च ८ ते १० हजार डॉलरपर्यंत जाऊ लागला. मालक वॉरंटी मागायला गेले तर अनेकांना काय उत्तर मिळाले? तुमच्या डिझेलमध्ये पाणी आहे, वॉरंटी बसत नाही. भावांनो, देश वेगळा, भाषा वेगळी, पण उत्तर तेच.

त्या मालकांनी तीन गोष्टी केल्या. पहिली, त्यांच्या मिस्त्र्यांनी स्वतः डोके चालवले. पंपातला चुरा नोझलकडे न जाता टाकीच्या बाजूला वळावा अशी जोडणी काढली, म्हणजे पंप गेला तरी बाकीचे वाचेल. दुसरी, त्यांनी कागद जमवले. डिझेलच्या पावत्या, फिल्टर बदलल्याच्या नोंदी, वर्कशॉपची पत्रे. तिसरी, ते एकटे लढले नाहीत. २०१८ मध्ये टेक्सासच्या फेडरल न्यायालयात दावे दाखल झाले. मालकांचे म्हणणे होते की, अमेरिकेतल्या डिझेलचे वंगण किती असते हे कंपनीला ठाऊक होते, तरी तिने त्या डिझेलला न सोसणारा पंप दिला. जनरल मोटर्सने पुढे टेक्साससह काही राज्यांतल्या मालकांशी ५ कोटी डॉलरची तडजोड केली, दोष मात्र कबूल केला नाही.

रॅम पिकअपचे प्रकरण आपल्याला अधिक शिकवते. त्यांच्या २०१९ आणि २०२० च्या मोठ्या डिझेल गाड्यांत हाच पंप होता. नोव्हेंबर २०२१ मध्ये कंपनीला अशा सुमारे २ लाख २२ हजार गाड्या परत बोलवाव्या लागल्या. फुकट पंप बदलून द्यावा लागला आणि ज्यांनी आधीच पैसे भरले होते त्यांना ते परत करावे लागले. २०२१ च्या मॉडेलपासून कंपनी पुन्हा तीन दट्ट्यांच्या जुन्या पंपावर गेली. आता मुद्दा नीट ऐका. या गाड्या परत बोलावल्या गेल्या त्या दुरुस्ती महाग म्हणून नव्हे. पंप गेला की गाडी धावता धावता बंद पडते आणि त्यातून अपघात होऊ शकतो, म्हणून. हा मुद्दा आपल्याला पुढे लागणार आहे.

आपल्या पिकअपमध्ये नेमका तोच पंप आहे असे मी म्हणत नाही. गाडीगणिक पंप वेगळा असतो. पण दाब तोच, वंगण तेच, आणि वॉरंटी नाकारण्याची भाषाही तीच.

डिझेलचा गुण आणि डिझेलचा रस्ता

डिझेलमधले गंधक कमी केले म्हणून पंप जातात, असे बरेच मिस्त्री सांगतात. त्यात अर्धे सत्य आहे. आपल्या देशात २००० साली डिझेलमध्ये दहा लाख भागांत २,५०० भाग गंधक चालत असे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आले आणि ते १० भागांवर आले. धूर कमी झाला, ते आपल्या लेकरांच्या छातीसाठी चांगलेच झाले. पण गंधक काढण्याच्या प्रक्रियेत डिझेलला गुळगुळीतपणा देणारे काही घटकही निघून जातात. म्हणून रिफायनरीला नंतर वंगण देणारे द्रव्य मिसळावे लागते.

हा गुण मोजतात. डिझेलमध्ये बुडवलेली पोलादी गोळी पोलादी चकतीवर घासतात आणि घासल्याची खूण मोजतात. खूण जितकी मोठी, तितके डिझेल कोरडे. अमेरिकेच्या मानकात ५२० मायक्रॉनपर्यंत खूण चालते. युरोपात आणि आपल्याकडे मर्यादा ४६० ची आहे. म्हणजे कागदावर आपले डिझेल अमेरिकेच्या डिझेलपेक्षा बरे. प्रश्न कागदापासून आपल्या टाकीपर्यंतच्या रस्त्याचा आहे.

त्या रस्त्यावर काय चालत आले आहे ते महाराष्ट्राने पाहिले आहे. २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ तेलाची भेसळ पकडायला गेलेले मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळण्यात आले. रॉकेल मिसळलेले डिझेल जुने इंजिन खोकत खोकत पचवून टाकी. नवा पंप ते पचवत नाही.

पण भावांनो, दुसऱ्याकडे बोट दाखवताना आपली बोटेही पाहू. गाव पंपापासून दूर, म्हणून आपण कॅनमध्ये डिझेल आणतो. तो कॅन काल कशाचा होता? कीटकनाशकाचा? घरच्या ड्रमचे झाकण पावसाळ्यात उघडे असते की बंद? ट्रॅक्टरसाठी आणलेल्या ड्रमचा तळ आपण पिकअपमध्ये ओततो की नाही? फवारणीचे पाणी गाळून घेणारा शेतकरी नऊ लाखांच्या गाडीत डिझेल न गाळता ओततो. हे आपल्यालाच बदलावे लागेल.

घरी करायच्या गोष्टी

एक. डिझेलचा कॅन वेगळा ठेवा, त्यावर रंगाने खूण करा. ड्रममधले डिझेल रात्रभर निवळू द्या, तळाचे चार बोटे डिझेल गाडीत टाकू नका. ओतताना बारीक जाळी लावा.

दोन. डिझेल फिल्टरच्या खाली पाणी काढण्याचा नळ असतो. पावसाळ्यात दर आठवड्याला काचेच्या बाटलीत थोडे डिझेल काढून पाहा. पाणी खाली बसते, डिझेल वर राहते. डॅशबोर्डवर पाण्याचा दिवा लागला तर घरापर्यंत जाऊ म्हणू नका, तिथेच थांबा.

तीन. फिल्टर कंपनीच्या पुस्तकात दिलेल्या किलोमीटरवर बदला, धुळीच्या रस्त्यावर त्याच्या आधी. स्वस्तातला नकली फिल्टर लावू नका. नव्या फिल्टरमध्ये न गाळलेले डिझेल भरू नका, हातपंपानेच डिझेल ओढून घ्या.

चार. टाकी रिकामी पडू देऊ नका. हवा ओढली गेली की पंप कोरडा चालतो. डिझेलच्या पंपावर टँकर रिकामा होत असेल तर त्या वेळी डिझेल भरू नका, तळाचा गाळ वर आलेला असतो.

पाच. डिझेलमध्ये रॉकेल, जुने इंजिन ऑइल किंवा टू-स्ट्रोक ऑइल मिसळू नका. बीएस-६ गाडीच्या धुराच्या नळीत गाळणी असते, ऑइलची राख तिच्यात बसते. ज्या गाडीला युरियाच्या द्रावणाची वेगळी टाकी आहे, तिच्यात शेतातला युरिया विरघळवून टाकू नका. ते द्रावण चुकून डिझेलच्या टाकीत गेले तर किल्ली लावू नका, आधी टाकी रिकामी करा.

सहा. जुन्या ट्रॅक्टरची हवा काढताना आपण नोझलचा पाइप ढिला करतो. नव्या गाडीत इंजिन चालू असताना हे कदापि करू नका. त्या दाबाची धार कातडीतून आत घुसते. जखम टाचणीएवढी दिसते आणि बोट कापावे लागते. असे झाले तर तासाभराचाही उशीर न करता दवाखाना गाठा.

सात. गाडी सुरू व्हायला वेळ लागते, चढावर दम टाकते, पंपातून टकटक येते, ही आजाराची लक्षणे आहेत. फिल्टर उघडून पाहा. आत चंदेरी चमक दिसली तर स्टार्टर मारणे थांबवा. प्रत्येक वेळी किल्ली फिरवली की चुरा पुढे जातो. आणि फक्त पंप बदलून स्वस्तात सोडवतो असे कोणी सांगितले तर ऐकू नका. टाकीत आणि रेलमध्ये राहिलेला चुरा नवा पंपही खातो.

कागद ठेवा

आपला कार्यकर्ता हरला तो पंप फुटला म्हणून नव्हे. त्याच्या हातात कागद नव्हता, म्हणून. डिझेल भरताना गाडीच्या नंबरसह पावती घ्या. एका वहीत तारीख, लिटर, किलोमीटर आणि फिल्टर कधी बदलला ते लिहा. लेकीला किंवा सुनेला ही वही सांभाळायला द्या, आपल्यापेक्षा नीट ठेवतील.

डिझेलच्या पंपावर घनता तपासून मागण्याचा हक्क ग्राहकाला आहे. तपमानाचा हिशेब करून आलेली घनता आणि नोंदीतली घनता यांत ३ पेक्षा जास्त फरक असेल तर मालात काही तरी गडबड आहे. पाच लिटरच्या मापाने माप तपासून मागण्याचाही हक्क आहे. देत नसतील तर तक्रारवही मागा आणि नकार त्यात लिहा.

गाडी बंद पडली तर टाकीतले डिझेल दोन साक्षीदारांसमोर स्वच्छ बाटलीत काढा, सील करा, सह्या घ्या. वर्कशॉपच्या जॉबकार्डावर "गाडी रस्त्यावर धावता धावता बंद पडली" हे वाक्य लिहून घ्या. जुना पंप आणि नोझल परत मागा. वॉरंटी नाकारत असतील तर कारण लेखी मागा आणि डिझेल खराब असल्याचा प्रयोगशाळेचा अहवाल मागा. तोंडी "डिझेल खराब" याला पुरावा म्हणत नाहीत.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे दोन वर्षांच्या आत जिल्हा आयोगाकडे जाता येते. वकील लागतोच असे नाही. वस्तूची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, ५ ते १० लाखांसाठी २०० रुपये. पिकअप म्हणजे धंद्याची गाडी, तुम्ही ग्राहक नाही, असे समोरचा म्हणेल. घाबरू नका. स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः राबून वापरलेली वस्तू कायद्याने धंद्याची धरली जात नाही.

संघटनेने करायचे काम

एकट्याच्या तक्रारीने एखाद्याचा पंप बदलून मिळेल. रॅमच्या मालकांना मिळाले तसे सगळ्यांना मिळायचे असेल तर तक्रारींचा ढीग हवा. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये कलम ११०-अ आले आणि १ एप्रिल २०२१ पासून ते लागू झाले. गाडीतल्या दोषाने चालकाला किंवा रस्त्यावरच्या माणसाला धोका असेल आणि ठरलेल्या प्रमाणात मालकांनी तक्रारी केल्या, तर सरकार कंपनीला गाड्या परत बोलवायला लावू शकते. गाडी सात वर्षांच्या आतली हवी. म्हणून मघाशी मी म्हटले, "रस्त्यावर धावता धावता बंद पडली" हे लिहून घ्या. महाग दुरुस्तीची तक्रार हे तुमचे दुखणे ठरते. रस्त्यातल्या धोक्याची तक्रार हा कायद्याचा मुद्दा होतो.

दुसरे काम दुरुस्तीच्या हक्काचे. नव्या गाडीचा दोष वाचायला स्कॅनर लागतो. त्याची पूर्ण माहिती गावच्या मिस्त्रीला मिळत नाही, म्हणून गाडी ओढत शहरात न्यावी लागते. अमेरिकेत कोलोरॅडो राज्याने २०२३ मध्ये शेतीयंत्रांच्या दुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक विभागाने २०२२ मध्ये या विषयावर समिती नेमली, शेतीयंत्रे आणि वाहने त्यात घेतली, त्याच वर्षी डिसेंबरात पोर्टल उघडले. पण पोर्टल म्हणजे कायदा नव्हे. आम्ही फुकट दुरुस्ती मागत नाही, सूट मागत नाही. सुटे भाग, स्कॅनर आणि माहिती वाजवी किमतीत खुल्या बाजारात मिळू द्या. आमचा मिस्त्री बाकीचे बघून घेईल.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक तालुक्याने एक यादी आणायची. कोणाची गाडी, कोणते वर्ष, किती किलोमीटर, कुठे बंद पडली, बिल किती झाले, वॉरंटी काय सांगून नाकारली. पावतीची झेरॉक्स सोबत. ज्याच्याकडे पावती नाही त्यानेही यावे, त्याची हकीकत लिहून घेऊ. एकाच गाडीचा एकच दोष जिथे जिथे दिसेल त्या सगळ्या मालकांच्या तक्रारी एकाच दिवशी दाखल करू. आपल्या त्या कार्यकर्त्याने पहिले नाव लिहिले आहे. गाडी अजून वर्कशॉपमध्ये उभी आहे आणि घरात ज्वारी विकायची थांबली आहे.

शेतात अळी पडली की आपण एकट्याच्या वावरात फवारून थांबत नाही, धुऱ्यापलीकडच्या भावालाही सांगतो. कारण त्याच्याकडची अळी उद्या आपल्याकडे येते. या पंपाचेही तसेच धरा. ज्याची गाडी आज चालू आहे त्याने आजच वही घालावी, आणि ज्याची बंद आहे त्याने आपला कागद घेऊन माझ्याकडे यावे.